गोबरगॅसची शेगडी : राप काढा, गॅस वाचवा



ऊस विकास विभागाने लागणीचे, बेण्याचे, खताचे सांगावे. शेगडी घासायचे धडे यांच्याकडून कशाला, असे काहींना वाटेल. पण गटागटांतून हिंडताना आम्हांला एक तक्रार नेहमी ऐकू येते. "साहेब, गोबरगॅस आता पहिल्यासारखा चालत नाही. ज्योत पिवळी येते, भांडी काळी होतात, डाळ शिजता शिजत नाही." त्यापुढचे ठरलेले असते. शेण कालवायचा कंटाळा येतो, टाकीत भर पडत नाही आणि शेण पुन्हा गोवऱ्या थापायला जाते. ज्या दिवशी शेण चुलीत गेले, त्या दिवसापासून उसाला मिळणारी स्लरी बंद झाली. गोवरी जळाली की तिच्यातले नत्र धुराबरोबर गेले आणि सेंद्रिय भाग राख झाला. तेच शेण गॅसच्या टाकीतून गेले तर सैपाकही होतो आणि खतही शिल्लक राहते. म्हणजे शेगडीवरचा राप शेवटी उसाच्या फडापर्यंत पोहोचतो. म्हणून हा लेख.

आमचे सांगणे एकच आहे : गॅस कमी पडतो असे वाटले की टाकीला दोष देण्याआधी शेगडी उघडून बघा.

कारखाना तरी काय करतो?

आपल्या कारखान्यात उसाचा रस आटवायची जी भांडी आहेत, त्यांच्या नळ्यांना आतून चुन्याचा आणि इतर क्षारांचा थर बसतो. थर वाढला की वाफेची उष्णता रसापर्यंत पोहोचत नाही, वाफ जास्त लागते आणि गाळप मंदावते. म्हणून हंगामात ठरावीक दिवसांनी क्लीनिंग घेतात, कॉस्टिक घालून नळ्या उकळतात, ब्रशने घासतात. गाड्या बाहेर उभ्या असल्या तरी हे करावेच लागते, कारण न केले तर पुढे जास्त खोळंबा होतो. घरच्या शेगडीचेही तसेच आहे. फरक इतकाच की कारखान्याच्या क्लीनिंगची नोंद असते, शेगडीची कुणी ठेवत नाही.

राप म्हणजे नेमके काय?

शेगडीवर तीन तऱ्हेची घाण बसते.

पहिली, उतू गेलेले दूध, डाळीचे पाणी, फोडणीचे तेल. हे तापून करपते आणि त्याचा कोळसा होतो. साखर करपली की काय होते हे साखर कारखान्याच्या सभासदांना वेगळे सांगायला नको. हा थर बर्नरच्या छिद्रांवर बसला की वाट बंद होते.

दुसरी, काजळी. गॅसला पुरेशी हवा मिळाली नाही की तो अर्धवट जळतो. त्यातून भांड्याच्या बुडाला काजळी बसते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. दार-खिडक्या बंद करून पिवळ्या ज्योतीवर सैपाक करणाऱ्या माउलीचे डोके दुखते, मळमळते, त्याचे एक कारण हे असू शकते.

तिसरी, गंज. गोबरगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि ३० ते ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. त्याशिवाय थोडासा हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच. हा वायू आणि पाण्याची वाफ मिळून लोखंडाला गंज आणतात, पितळ काळे पाडतात. लोखंडी नळातल्या गंजाच्या खपल्या सुटून जेटमध्ये येऊन बसतात.

तोट्याचा हिशेब

दोन घनमीटरचे संयंत्र धरा. त्याला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण लागते. एक किलो शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर, म्हणजे ४० लिटर गॅस मिळतो. मोठा बर्नर तासाला ०.४५ घनमीटर गॅस घेतो. याप्रमाणे दिवसाचा गॅस साडेचार तासांच्या आसपास पुरतो.

आता समजा, बर्नर तुंबल्यामुळे सकाळच्या सैपाकाला अर्धा तास आणि संध्याकाळच्या सैपाकाला अर्धा तास जादा लागला. मोठा बर्नर तासभर फुकट जळला. ०.४५ घनमीटर गॅस गेला, म्हणजे दिवसाच्या गॅसचा पाचवा हिस्सा आणि वर थोडा. तेवढ्यासाठी ११ किलो शेण रोज कालवावे लागले होते. सिलिंडरच्या गॅसच्या भाषेत सांगायचे तर रोजचे २०० ग्रॅम, महिन्याचे ६ किलो. दोन-अडीच महिन्यांत १४.२ किलोचे एक सिलिंडर या रापाने खाल्ले! धुण्याचा सोडा आणि दोन तास मेहनत एवढाच त्यावर खर्च आहे.

काय काय जमवावे

धुण्याचा सोडा, कपड्याचा साबण, नारळाचा काथ्या, जुना दात घासायचा ब्रश, तारेचा ब्रश, विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार, चिंचेचा कोळ, जुनी सुती फडकी, बादलीभर गरम पाणी.

काय वापरू नये, तेही सांगतो. संडास धुवायचे ॲसिड शेगडीला लावू नका. लोखंड खाते आणि वाफ छातीत जाते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरिन निघतो. कारखान्यातले कॉस्टिक कुणी डबीत घालून घरी नेऊ नये. हातावर उडाले तर कातडी जाते आणि डोळ्यात गेले तर डोळा जातो. लाकडाची राख घासायला चांगली, पण बॉयलरची राख नको. बगॅसच्या राखेत वाळूसारखे कण फार, पितळेला ओरखडे पडतात.

साफसफाईचा क्रम

१) टाकीजवळचा मुख्य कॉक बंद करा. नुसता शेगडीचा कॉक बंद करून भागत नाही. सैपाकघराची दारे-खिडक्या उघडा. देवाजवळचा दिवा, चूल, विडी काही पेटते नको. शेगडी पूर्ण थंड होऊ द्या.

२) रबरी नळी सोडवून शेगडी अंगणात आणा. भांडे ठेवायची जाळी, बर्नरची टोपी, खालची मिश्रणनळी आणि जेट वेगळे करा. कोणता भाग कुठला हे विसरू नये म्हणून काढले त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवा.

३) बादलीभर कढत पाण्यात दीड मूठ धुण्याचा सोडा विरघळवा. जाळी आणि बिडाचे भाग त्यात दोन-तीन तास बुडवून ठेवा. राप जुना असेल तर रात्रभर. सोड्याने तेलकट थराचा काही अंशी साबणच होतो आणि करपलेला भाग सुटा होतो. कोरड्या जाळीवर तास तास घासत बसण्यापेक्षा हे भिजणेच निम्मे काम करते. मात्र ॲल्युमिनियमचा भाग असेल तर तो सोड्यात घालू नका, सोडा ॲल्युमिनियम खातो. त्याला साबणाचे कोमट पाणी पुरे.

४) भिजलेला थर आधी काथ्याने काढा, उरेल तेवढ्यालाच तारेचा ब्रश लावा. नंतर ओल्या फडक्याने दोनदा पुसा. ब्रशची तुटलेली तार जाळीत अडकून राहते. भाकरी, पापड, वांगे भाजायच्या जाळीला तर तारेचा ब्रश न लावलेला बरा, ती तार अन्नातून पोटात जाते. अमेरिकेत घरामागे परसात जाळीच्या शेगडीवर मांस भाजायची रीत आहे. तिथे अशा तारा घशात रुतून माणसे दवाखान्यात गेली आहेत आणि तिथले डॉक्टर याबद्दल सावध करतात. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी हे जरूर कळवावे.

५) बर्नरच्या टोपीची छिद्रे एकेक करून मोकळी करा. टोपी उजेडाकडे धरून बघा. प्रत्येक छिद्रातून उजेड दिसला पाहिजे. पितळी टोपी चिंचेच्या कोळाने घासा, धुवा आणि लगेच कोरडी करा.

६) जेट हा शेगडीचा जीव. त्याचे भोक तांब्याच्या मऊ तारेने साफ करा. दाभण, सुई, खिळा घालू नका. पितळ मऊ असते, भोक मोठे होते, मग जास्त गॅस जाऊन ज्योत पिवळीच राहते. भोक एकदा वाढले की जेट बदलण्यावाचून इलाज नाही.

७) मिश्रणनळीत डोकावून बघा. शेगडी आठ-पंधरा दिवस बंद राहिली की कोळी आत जाळे विणतो, कुंभारमाशी मातीचे घर करते. नळी अडली की गॅस पुढे जायचा तो मागे फिरतो आणि जेटजवळच पेट घेतो. परदेशातल्या त्या परसातल्या गॅसच्या शेगड्यांनाही हाच रोग आहे. ब्रशने नळी साफ करून धुवा.

८) सगळे भाग दिवसभर उन्हात वाळवा. छिद्रात पाण्याचा थेंब राहिला तर ज्योत तडतडते. बिडाच्या जाळीला तेलाचे बोट फिरवा म्हणजे गंज धरणार नाही.

९) जोडताना रबरी नळी वाकवून बघा. भेगा दिसल्या तर बदला, चिंधी गुंडाळून चालवू नका. नळी जोडून क्लिप आवळा आणि शेगडीचे कॉक बंद ठेवून मुख्य कॉक उघडा. मग प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला तर तिथे गळती आहे. गळती शोधायला काडी पेटवायची नाही! मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की स्फोट होतो, आणि तेवढा मिसळला आहे की नाही ते डोळ्यांना दिसत नाही.

१०) नळीत आता हवा शिरलेली असते. खिडक्या उघड्या ठेवून, जवळ विस्तव नसताना, शेगडीचा कॉक क्षणभर उघडून बंद करा. वास निघून गेल्यावर मग पेटवा. आधी काडी, मग कॉक. हा क्रम घरातल्या पोरासोरांनाही पाठ पाहिजे.

ज्योत वाचायला शिका

पान पिवळे पडले की उसाला काय कमी आहे ते तुम्ही ओळखता. तशीच ज्योतही बोलते.

ज्योत निळी, स्थिर, छिद्राला चिकटून : सर्व ठीक.

ज्योत पिवळी, लांब, भांडे काळे : हवा कमी. हवेचे झाकण थोडे उघडा. तरी पिवळी असेल तर मिश्रणनळी किंवा छिद्रे तुंबली आहेत.

ज्योत बर्नरपासून सुटते, फुरफुर आवाज येतो : हवा जास्त किंवा दाब जास्त. झाकण थोडे लावा, कॉक कमी करा.

ज्योत फडफडते, मध्येच विझते : नळात पाणी साचले आहे.

ज्योत एका बाजूलाच : त्या बाजूची छिद्रे मोकळी, बाकीची बंद.

सर्व साफ असून ज्योत बारीक : आता मात्र टाकीकडे बघा. शेण किती पडते? पाणी बरोबरीने असते का? थंडी आहे का? टाकीतले जिवाणू ३५ अंशांच्या आसपास जोमाने काम करतात आणि १० अंशांना जवळजवळ थांबतात. थंडीत गॅस कमी येणे हा शेगडीचा दोष नव्हे.

नळातल्या पाण्याबद्दल आणखी थोडे. टाकीतून गॅस निघतो तो ओला आणि उबदार. नळात थंड झाला की वाफेचे पाणी होते आणि ते सखल जागी साचते. तिथे पाणी काढायचा कॉक असतो. पुष्कळ घरी तो बसवल्यापासून उघडलेलाच नसतो. आठवड्यातून एकदा, थंडीत दोनदा, पाणी सोडा आणि लगेच बंद करा. त्या वेळी थोडा गॅसही सुटतो, म्हणून विडी-काडी लांब ठेवा.

सिलिंडरची शेगडी आणि गोबरगॅसची शेगडी वेगळी

आता घरोघरी सिलिंडर आहे, म्हणून हेही सांगितले पाहिजे. एक भाग गोबरगॅस जळायला साधारण सहा भाग हवा लागते. सिलिंडरच्या गॅसला २५ ते ३० भाग. म्हणून दोन्हींचे जेट वेगळे असतात. सिलिंडरची शेगडी गोबरगॅसला जोडली तर जेट बारीक पडून ज्योत मिणमिणते आणि "गोबरगॅसमध्ये दमच नाही" असा बोभाटा होतो. उलट गोबरगॅसची शेगडी सिलिंडरला जोडली तर मोठ्या जेटातून भडका उठतो. ही अदलाबदल कुणी करू नये.

टाकीत उतरू नका

शेगडी साफ झाली म्हणजे टाकीही साफ करू, अशी हौस कुणाला येईल. हा परिच्छेद दोनदा वाचा आणि घरात वाचून दाखवा.

एप्रिल २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात (तेव्हाचा अहमदनगर) नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी शेणाची स्लरी साठलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. असे करता करता पाच माणसे गेली. कमरेला दोर बांधून उतरलेल्या एकाला तेवढे वर ओढून वाचवता आले. उसाचा पट्टा, आपल्यासारखीच शेतकरी माणसे. त्यांच्या धाडसात काही कमी नव्हते, पण खाली प्राणवायूच नव्हता.

अशा खड्ड्यात गॅस साचतो, श्वासाला हवा राहत नाही. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना वास येतो, पण जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास आला नाही म्हणून माणूस निर्धास्त उतरतो. म्हणून टाकी चालू असो वा बंद पडून दहा वर्षे झालेली असोत, आत उतरायचे नाही, डोके घालून बघायचे नाही, कंदील सोडायचा नाही. टाकीचा गाळ काढणे हे श्वासाची साधने असलेल्या जाणत्या माणसांचे काम आहे. कुणी आत पडलाच तर मागे उडी घेऊ नका. वरूनच दोर किंवा आकडा टाका, माणसे हाकारा, अग्निशमन दलाला बोलवा. बंद पडलेल्या टाक्यांवर भक्कम झाकण घाला. पोरे आणि जनावरे तिथेच फिरतात.

वेळापत्रक

रोज : सैपाक आटोपून शेगडी थंड झाली की ओल्या फडक्याने पुसणे. उतू गेलेले ताजे असते तेव्हा एका पुसण्यात निघते, वाळले की खरवडावे लागते.

आठवड्याला : टोपीची छिद्रे बघणे, नळातले पाणी काढणे.

महिन्याला : वर सांगितल्याप्रमाणे सगळी शेगडी खोलून सोड्यात भिजवणे. अमावस्येचा दिवस धरला तर विसरणार नाही.

सहा महिन्यांनी : रबरी नळी तपासणे, सर्व सांधे साबणाच्या फेसाने बघणे.

वर्षाला : पावसाळ्याआधी, लोखंडी तरंगत्या टोपीचे संयंत्र असेल तर टोपी बाहेरून घासून रंग देणे. दीनबंधूसारख्या विटांच्या घुमटाला रंग लागत नाही, पण घुमटावरची माती वाहून गेली असेल तर भर टाकावी.

हे काम बायकांचेच, असे कुणी समजू नये. रोजचे पुसणे ज्याच्या हाती सैपाक त्याने करावे. पण कॉक, नळी, जेट, पाणी काढणे ही कामे घरातल्या पुरुषमाणसांनी अंगावर घ्यावी. मोटर, पंप, फवारणीचा पंप आपण सफाईने खोलतो आणि जोडतो. शेगडी त्याहून सोपी आहे.

१९८१-८२ साली राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला आणि १९८४ मध्ये दीनबंधू नमुना आला. त्यानंतर खेडोपाडी अशी संयंत्रे बांधली गेली. त्यातली बंद पडलेली पुष्कळ आहेत आणि प्रत्येक बंद टाकीमागे काही मोठे कारण असतेच असे नाही. कुठे जेट तुंबलेला, कुठे नळात पाणी, कुठे फाटकी रबरी नळी. दोन तासांच्या कामासाठी हजारोंची वस्तू पडून राहते, सरपणाचा धूर डोळ्यांत जातो आणि शेतात खत कमी पडते.

तेव्हा येत्या अमावस्येला शेगडी खोलाच. साफ करूनही ज्योत निळी झाली नाही तर आपल्या गट ऑफिसात शेतकी मदतनिसाकडे नोंद करा. ऊस पाहणीला येईल तेव्हा तो शेगडीही पाहील. त्याला दाखवताना जेट, टोपी आणि रबरी नळी काढून ठेवा, म्हणजे दोष कुठे आहे हे दोघांनाही तिथल्या तिथे कळेल.

— ऊस विकास अधिकारी